निळा रंग उडाला, पुढे काय?

फेब्रुवारी-मार्च आला की एमएस्सी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. बीकरमध्ये निळंशार पाणी, खाली मॅग्नेटिक स्टरर गरगरतोय, वर यूव्हीचा दिवा, आणि दर दहा मिनिटांनी पिपेटने नमुना काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरकडे पळणारा एखादा बिचारा. तासाभरात निळं पाणी फिकट होतं, दोन तासांत पार नितळ. ग्राफ छान खाली उतरतो, गाईड खूश होतात, पोस्टर ‘आविष्कार’ला जातं. आणि शेवटच्या प्रकरणात एक ठरलेलं वाक्य येतं : ‘सदर पदार्थ पाण्यातील रंग व कीटकनाशके यांच्या निर्मूलनासाठी उपयुक्त ठरू शकतो.’

या ‘ठरू शकतो’बद्दल आज बोलायचंय. कारण तो निळा रंग म्हणजे मिथिलीन ब्लू. ते कीटकनाशक नाही. आणि रंग उडाला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असंही नाही. हा विषय निव्वळ केमिस्ट्रीवाल्यांचा आहे असं समजून पान उलटू नका. तुम्ही बीकॉमला असा, लॉला असा, नाहीतर जर्नालिझमला, तुमच्या घरी जे पाणी येतं ते कुठल्या ना कुठल्या शेताला वळसा घालूनच येतं.

आधी हे प्रकरण आहे तरी काय ते पाहू. टायटॅनियम डायऑक्साइड तुम्ही रोज बघता. भिंतीचा पांढरा रंग, सनस्क्रीन, टूथपेस्ट या सगळ्यांत तो असतो. तो बनतो इल्मेनाइटसारख्या खनिजातून, आणि इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीत मालगुंड, काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूत पडलेलं आहे. हा पदार्थ सेमीकंडक्टर आहे. त्यावर पुरेशा ताकदीचा प्रकाश पडला की आतला एक इलेक्ट्रॉन उडी मारून वर जातो आणि त्याच्या जागी एक रिकामी जागा उरते, तिला ‘होल’ म्हणतात. बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन लगेच परत येऊन त्या जागेत बसतो आणि सगळी मेहनत उष्णता होऊन वाया जाते. पण काही वेळा होल पृष्ठभागावर पोचतो, तिथल्या पाण्याच्या रेणूशी भिडतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं.

हे रॅडिकल म्हणजे सुटलेला बैल. समोर येईल त्याला शिंग मारायचं, एवढंच त्याला कळतं. आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावं इतकं छोटं, पण ऑक्सिडाइझ करण्याची ताकद ओझोनपेक्षाही जास्त. कीटकनाशकाचा रेणू कितीही चिवट असला तरी वारंवार धडका बसल्या की तुटत जातो. सगळं मनासारखं झालं तर शेवटी उरतं कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि क्लोराइड, सल्फेट, फॉस्फेट, नायट्रेट असे साधे आयन. याला मिनरलायझेशन म्हणतात.

मला या तंत्राचं आकर्षण आहे ते नेमकं इथे. घरातला आरओ कीटकनाशक मोडत नाही, बाजूला काढतो आणि वाया जाणाऱ्या पाण्याबरोबर गटारात सोडतो. ॲक्टिव्हेटेड कार्बन ते धरून ठेवतो, आणि कार्बन भरला की तो कुठे टाकायचा हा प्रश्न तसाच राहतो. म्हणजे विष इकडून तिकडे नुसतं फिरत राहतं. फोटोकॅटॅलिस्ट मात्र ते खरोखर संपवू शकतो, आणि तेही उन्हावर.

याची सुरुवात एका विद्यार्थ्याने केली होती, हेही सांगायला हवं. टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा पीएचडी करत होते, केनिची होंडा त्यांचे मार्गदर्शक. १९६७ साली पाण्यात बुडवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश टाकल्यावर बुडबुडे येताना त्यांना दिसले. पाणी तुटत होतं. लोकांचा लवकर विश्वास बसेना. १९७२ साली ‘नेचर’मध्ये निबंध छापून आला. १९७६ पर्यंत कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी हीच पावडर वापरून पीसीबीसारखी चिवट क्लोरीनयुक्त रसायनं मोडून दाखवली होती. म्हणजे या कल्पनेला पन्नास वर्षं होत आली. मग सरळ प्रश्न विचारतो : पन्नास वर्षांत तुमच्या गावच्या विहिरीवर यातलं एक तरी यंत्र तुम्ही पाहिलंत का?

का नाही पाहिलं, याची कारणं त्या निळ्या बीकरमध्येच आहेत.

पहिलं कारण म्हणजे रंग. बारावीत सायन्स डेला ‘ब्लू बॉटल’चा खेळ केला असेल. अल्कली, ग्लुकोज आणि मिथिलीन ब्लू एकत्र करून बाटली ठेवून दिली की रंग जातो, हलवली की निळा परत येतो. रेणू तिथेच असतो, फक्त त्याचं रंगहीन रूप झालेलं असतं. तुमच्या बीकरमध्येही हे होऊ शकतं. शिवाय पावडर बारीक असेल तर रंग तिला नुसता चिकटतो. अंधारात ठेवून तुलना केली नसेल तर चिकटला किती आणि तुटला किती, सांगणार कसं?

त्याहून मोठी गोम पुढे आहे. मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, म्हणून तर तो निळा दिसतो. प्रकाश शोषून तो स्वतःचा इलेक्ट्रॉन पावडरीला देतो आणि त्या देवघेवीत आपण होऊन खराब होतो. म्हणजे काम तुमच्या कॅटॅलिस्टने केलंच नाही, रंगानेच आत्महत्या केली. जपानच्या बुनशो ओतानींच्या गटाने २००६ साली नेमका हाच प्रश्न घेऊन निबंध लिहिला होता, की दृश्य प्रकाशातल्या चाचणीसाठी मिथिलीन ब्लू योग्य आहे का? आता विचार करा, क्लोरपायरिफॉस रंगहीन आहे. ते दृश्य प्रकाश शोषत नाही. मग निळ्या रंगावर मिळालेला निकाल त्याला लावायचा कुठल्या आधारावर?

मिथिलीन ब्लूवर माझा राग नाही. स्वस्त आहे, मोजायला सोपा आहे, यूव्हीमध्ये पृष्ठभाग तपासायला त्याचा आयएसओचा मापदंडही आहे. शिकण्यासाठी जरूर वापरा. पण त्यावरून शेवटच्या प्रकरणात कीटकनाशकांचं नाव घेऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

दुसरं कारण आकड्यांचं. लॅबमध्ये आपण साधारण लिटरला १० मिलिग्रॅम रंग घेतो. बाटलीबंद पाण्यात कुठल्याही एका कीटकनाशकाची भारतीय मर्यादा आहे लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. भागाकार करा. एक लाख पट फरक आहे. गर्दीच्या लोकलमध्ये कोणालाही धक्का मारणं सोपं, रिकाम्या मैदानावर नेमका एक माणूस शोधून त्याला धक्का मारणं वेगळं. आयुष्य इतकं छोटं असलेलं रॅडिकल कमी प्रमाणातल्या विषापर्यंत पोचण्याआधी पाण्यातल्या दुसऱ्याच कशावर तरी खर्च होतं.

आणि आपल्या पाण्यात ‘दुसरं काहीतरी’ भरपूर आहे. तुम्ही प्रयोग डिस्टिल्ड वॉटरमध्ये करता. दख्खनच्या काळ्या दगडातल्या विहिरीचं पाणी घेऊन बघा. किटलीत पांढरा थर धरणारं हे पाणी बायकार्बोनेटने भरलेलं असतं, आणि बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल आनंदाने खाऊन टाकतं. त्यात पावसाळ्यातलं गढूळ पाणी असेल तर प्रकाश आत शिरतच नाही. डिस्टिल्ड वॉटरमधला ‘९८ टक्के’ विहिरीच्या पाण्यात किती उरतो, हा खरा निकाल. तो पोस्टरवर क्वचितच असतो.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त खटकतं. रेणू तुटला म्हणजे विष गेलं, असं आपण धरून चालतो. मॅलॅथिऑनचं उदाहरण घ्या. त्यातल्या सल्फरच्या जागी ऑक्सिजन आला की मॅलाऑक्सॉन होतं, आणि मज्जासंस्थेवर घाव घालण्यात ते मूळ मॅलॅथिऑनपेक्षा जास्त विषारी आहे. ऑक्सिडेशन करताना हे वाटेत तयार होतं. प्रयोग अर्ध्यावर थांबवला तर ग्राफ सांगेल ‘मॅलॅथिऑन संपलं’, आणि पाणी आधीपेक्षा वाईट असेल! ॲट्राझिन या तणनाशकाची गोष्ट निराळी. टायटॅनियम डायऑक्साइड त्याच्या बाजूच्या साखळ्या कापतो, पण मधलं कडं त्याला फुटत नाही. गाडी सायन्युरिक ॲसिडवर येऊन थांबते ती थांबतेच. सायन्युरिक ॲसिड ॲट्राझिनच्या मानाने बरंच निरुपद्रवी, त्यामुळे इथे नशीब चांगलं म्हणायचं. पण ‘पूर्ण मिनरलायझेशन’ असं लिहिलंत तर ते खोटं आहे.

मग हे सगळं सोडून द्यायचं का? अजिबात नाही. आपण ते चुकीच्या जागी वापरायला निघालोय, असं माझं मत आहे. ‘फोटोकॅटॅलिस्टने नदी शुद्ध करू’ हे स्वप्न सोडा. नदीत पाणी अफाट, विष थोडं, गाळ भरपूर. या तंत्राला नेमकं उलटं हवं : पाणी थोडं, विष दाट, आणि थांबायला वेळ. असं पाणी कुठे असतं?

ते असतं फवारणीच्या पंपात.

आपल्याकडे शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. औषध मारून झालं की पंप धुतात. कुठे? ओढ्यावर, विहिरीच्या काठावर, हापशाखाली, जिथे पाणी हाताशी असेल तिथे. आता एक हिशेब करू, कॅल्क्युलेटर नको. क्लोरपायरिफॉस २० टक्के हे औषध लिटरला २ मिली टाकलं, तर लिटरभर द्रावणात ४०० मिलिग्रॅम क्लोरपायरिफॉस असतं. पंपाच्या तळाशी १०० मिली, म्हणजे अर्धा कप, द्रावण उरलं तर त्यात झालं ४० मिलिग्रॅम. बाटलीबंद पाण्याची ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा गाठायला ते किती पाण्याला पुरेल? चार लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर चाळीस टँकर. अर्ध्या कपाने! प्रत्यक्षात क्लोरपायरिफॉस मातीला घट्ट चिकटतं, त्यामुळे सगळं पाण्यात उतरणार नाही, हे मान्य. पण मोनोक्रोटोफॉससारखं औषध पाण्यात सहज विरघळतं, तिथे ही सवलत नाही.

एकदा चार लाख लिटरमध्ये पसरलं की त्याला पकडणं जवळपास अशक्य. पंपात आहे तोवर ते मुठीत आहे. शहाणपण कुठे आहे ते तुम्हीच सांगा.

हे कोणी केलंय का? केलंय. स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरिया नावाचा प्रांत आहे. तिथे मैलोन्मैल प्लॅस्टिकची ग्रीनहाउसेस, युरोपला भाजी पुरवणारी. साहजिकच औषधांच्या रिकाम्या डब्यांचा डोंगर साचतो. ते डबे फोडून, धुऊन प्लॅस्टिक पुन्हा वापरतात, आणि त्या धुण्याच्या पाण्यात सगळी औषधं एकत्र येतात. तिथल्या सौर संशोधन केंद्राने उन्हावर चालणारी यंत्रणा या पाण्यासाठी उभी केली. काचेच्या नळ्या, मागे वळणदार ॲल्युमिनियमचे आरसे, आणि नळ्यांतून फिरणारं पाणी. गंमत म्हणजे या कामात टायटॅनियम डायऑक्साइडला बाजूला ठेवून फोटो-फेंटन पुढे गेलं. लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं, ही प्रक्रिया फेंटन यांनी १८९४ सालीच सांगितली होती. प्रकाशाची जोड दिली की ती वेगाने फिरते आणि उन्हातला बराच मोठा भाग वापरते. टायटॅनियम डायऑक्साइडला फक्त यूव्ही चालतो, ३८७ नॅनोमीटरच्या खालचा, आणि सूर्यप्रकाशात यूव्ही जेमतेम चार-पाच टक्के. म्हणूनच दृश्य प्रकाशात चालणारे कॅटॅलिस्ट शोधायची धडपड चालते. मेलामाइन किंवा चक्क युरिया साडेपाचशे अंशांना तापवून मिळणारं ग्राफिटिक कार्बन नायट्राइड त्यातलंच. युरिया, म्हणजे गोणीतला! मला या पदार्थाबद्दल जरा जास्तच प्रेम आहे, हे कबूल.

फोटो-फेंटनला मात्र पाणी आम्लधर्मी लागतं, पीएच तीनच्या आसपास. आधी आम्ल टाका, नंतर ते मारा, लोहाचा गाळ काढा. बांधावर हे करणार कोण? म्हणूनच हे एकेका शेतकऱ्याचं काम नाही. ते पॅकहाउसचं, शेतकरी उत्पादक कंपनीचं, फारतर गावाचं काम आहे. गावात एक पंप धुण्याचा ओटा, त्याखाली हौद, हौदाशेजारी यंत्रणा. पावडरीची यंत्रणा केलीत तर आणखी एक डोकेदुखी : नॅनो पावडर पाण्यातून परत काढायची कशी? काचेवर किंवा मण्यांवर बसवली तर निघून जात नाही, पण पृष्ठभाग कमी होतो आणि वेग मंदावतो. इथे इंजिनीअरिंगवाल्यांना भरपूर काम आहे, आणि ते एकही नवीन मटेरियल न शोधता करता येईल.

महाराष्ट्रात ऊन काय कमी आहे, असं वाटत असेल तर थांबा. विदर्भात कपाशीवर औषध मारतात ते मुख्यतः जुलै ते ऑक्टोबर. आभाळ तेव्हा भरलेलं. ढगांतून विखुरलेला यूव्ही येतो, अल्मेरियातले आरसे तो गोळाही करतात, पण वेग पडतोच. नाशिकच्या द्राक्षबागांचं गणित वेगळं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा सपाटा सुरू होतो आणि तो ऐन कोरड्या, उन्हाच्या महिन्यांत. शिवाय तिथे ब्लोअर आहेत, पॅकहाउस आहेत, हिशेब ठेवायची सवय आहे. सुरुवात करायची तर नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात करावी, असं मला वाटतं. यवतमाळला नंतर.

आता कोणी म्हणेल, यवतमाळला जास्त गरज आहे. २०१७ साली तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. पण ते विष पाण्यातून आलं नव्हतं. ते श्वासातून, कातडीतून आलं. जगातला सगळ्यात भारी फोटोकॅटॅलिस्ट असता तरी त्यातला एकही माणूस वाचला नसता. तिथे लागत होते मास्क, हातमोजे, योग्य सल्ला आणि जहाल औषधांच्या विक्रीवर चाप. संशोधनाच्या प्रस्तावात यवतमाळचं नाव टाकून नॅनो पावडरीसाठी पैसे मागणं मला बरं वाटत नाही.

आणि एक कबुली माझ्या आवडत्या तंत्राच्या विरोधात जाणारी. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘बायोबेड’ निघाला. एक खड्डा, त्यात भुसकट, पीट आणि माती, वर गवत. फवारणीचं यंत्र त्यावर उभं करून भरायचं आणि धुवायचं. सांडलेलं औषध भुसकट-मातीत अडकतं आणि तिथल्या बुरशा नि जिवाणू ते हळूहळू खातात. दिवा नको, नॅनो नको. आपल्याकडे पीट नाही, पण कंपोस्ट आहे, भुसा आहे, आणि बुरशीला तर आमंत्रणही लागत नाही. हा खड्डा जर ऐंशी टक्के काम करत असेल, तर तुमच्या कॅटॅलिस्टने उरलेल्या वीस टक्क्यांत काय जास्तीचं दिलं, हे दाखवावं लागेल. फोटोकॅटॅलिस्टची तुलना दुसऱ्या फोटोकॅटॅलिस्टशी करणारे निबंध पुष्कळ. भुसकटाच्या खड्ड्याशी तुलना करायला मात्र कोणी तयार नसतं. मायक्रोबायोलॉजीच्या वर्गमित्राला गाठा आणि दोन्ही शेजारीशेजारी लावा. निकाल काहीही येवो, तो वाचण्यासारखा असेल.

साधनं नाहीत, ही तक्रार मला माहीत आहे. टीओसी मशीन सगळ्या कॉलेजांत नसतं, एलसी-एमएस तर लांबच. पण बीएस्सीच्या लॅबमध्येही बरंच करता येतं. मोनोक्रोटोफॉसच्या रेणूत फॉस्फरसचा एकच अणू असतो. लिटरला २० मिलिग्रॅम घेतलं आणि ते पूर्ण तुटलं तर साडेआठ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फेट मिळायला हवं. फॉस्फेट मोजायची मॉलिब्डेनम ब्लू पद्धत तुम्हाला शिकवलेली आहे, साध्या कलरीमीटरवर होते. साडेआठऐवजी तीनच मिळालं तर बाकीचा फॉस्फरस कुठे आहे हा प्रश्न उरतो. टायटॅनियम डायऑक्साइडला फॉस्फेट चिकटतं, तेही हिशेबात धरा. अर्थात मोनोक्रोटोफॉस जहाल आहे, गाईडशिवाय आणि हातमोज्यांशिवाय बाटलीचं बूचसुद्धा उघडू नका.

पाणी खरंच निर्धोक झालं का, हे बघायला बॉटनी विभागात जा. कांद्याची मुळं पाण्यात वाढवून पेशीविभाजन बघायचा प्रयोग सगळ्यांनी केलाय. तोच प्रयोग विष तपासायला १९३८ पासून वापरतात. प्रक्रियेआधीचं पाणी, अर्ध्या वाटेवरचं आणि शेवटचं, असे तीन ग्लास, तीन कांदे, शिवाय साध्या पाण्याचा चौथा. अर्ध्या वाटेवरच्या ग्लासातली मुळं सगळ्यात खुरटी निघाली, तर मॅलाऑक्सॉनसारखं काहीतरी झालंय का, अशी शंका घ्यायला जागा आहे. कांद्याची चाचणी सगळी विषं पकडत नाही, पण निळ्या रंगापेक्षा ती नक्कीच जास्त बोलते.

जे सायन्सला नाहीत त्यांच्यासाठी आता खरी मेख. २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्ली-मुंबईतल्या बाटलीबंद पाण्यात आणि नंतर कोल्ड्रिंकमध्ये कीटकनाशकं सापडल्याचं जाहीर केलं. गदारोळ इतका झाला की शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली. बाटलीबंद पाण्यासाठी युरोपसारखी मर्यादा आली : एकेका कीटकनाशकाला ०.१ मायक्रोग्रॅम, सगळी मिळून ०.५. आता नळाच्या पाण्याचं मानक उघडा, आयएस १०५००. त्यात क्लोरपायरिफॉसची मर्यादा आहे ३० मायक्रोग्रॅम. तीनशे पट! मॅलॅथिऑनची १९०. म्हणजे जे पाणी विकत घेऊन प्यायला अयोग्य, तेच नळाला आलं तर कायदेशीररीत्या पिण्यायोग्य.

याला शास्त्रीय उत्तर आहे, तेही सांगतो. ३० चा आकडा आरोग्याच्या अभ्यासावरून काढलेला आहे, जागतिक आरोग्य संघटनाही तोच देते. ०.१ हा युरोपचा ‘पाण्यात हे असूच नये’ असा धोरणात्मक आकडा. दोन्हींमागे तर्क आहे. पण एकाच देशात पैसे देणाऱ्याला एक तर्क आणि नळावर रांग लावणाऱ्याला दुसरा, हे कशात बसतं? लॉच्या विद्यार्थ्यांनी यावर मूट कोर्ट घ्यायला हरकत नाही.

पुन्हा, मर्यादा काहीही असो, मोजतंय कोण? गावात पाणी तपासायला जे फील्ड टेस्ट किट येतं त्यात नायट्रेट, फ्लोराइड, लोह, क्लोराइड, कडकपणा असतो. कीटकनाशक नसतं, त्याला मोठी लॅब लागते. ती लॅब आपल्याकडे नाही असं मात्र नाही. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली आणि बागायतदारांचं कंबरडं मोडलं, हे नाशिककरांना आठवत असेल. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा नमुना तपासल्याशिवाय कंटेनर हलत नाही. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात त्यासाठीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. म्हणजे जर्मनीतलं पोर जो घड खाणार तो तपासला जातो. ज्या विहिरीवर ब्लोअर धुतला, त्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या पोराचं काय?

तेव्हा तुमच्याकडे फोटोकॅटॅलिस्टचं पोस्टर घेऊन कोणी आलं तर टाळ्या वाजवायच्या आधी चार गोष्टी विचारा, केमिस्ट्री येत नसली तरी. पाणी कुठल्या विहिरीचं घेतलं होतं? अंधारात काय झालं? अर्ध्या वाटेवर काय तयार झालं? आणि हजार लिटरला खर्च किती? शेवटचा प्रश्न बीकॉमवाल्याने विचारावा, उत्तर देताना भलेभले पाणी मागतात.

आणि पोस्टर तुमचंच असेल, पुढच्या वर्षी प्रोजेक्ट करायचा असेल, तर विषय ठरवायला जूनमध्ये लायब्ररीत बसू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड किंवा तासगावच्या एखाद्या बागेत ओळख काढून जा. औषध मारून झाल्यावर ब्लोअर धुताना खाली स्वच्छ बाटली धरा, बागेच्या मालकाला विचारूनच. वर तारीख, वेळ आणि त्या दिवशी टाकीत कुठलं औषध होतं ते लिहा. कॉलेजच्या फ्रिजमध्ये खाण्याच्या डब्यांपासून लांब ठेवा. आणि मग पहिला प्रयोग त्या पाण्यावर करा.